धक्क्याच्या टोकापर्यंत

कॉलिन ट्रेवार्थाला दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वालारूत सगळे बडबड्या म्हणत. त्या गावात नावं अशीच उलटी ठेवतात. लाल केसांचा माणूस असेल तर तो निळ्या, साडेसहा फुटी असेल तर बुटक्या. कॉलिनने बंदरावरच्या धान्याच्या कोठारांत एकतीस वर्षं नोकरी केली, आणि त्या एकतीस वर्षांत मिळून तो जेवढं बोलला असेल तेवढं बेकरीतली बाई एका सकाळी बोलून मोकळी होई. म्हणून तो बडबड्या.

माणूस घुमा मात्र नव्हता. कुणाच्या घरी मयत झाली की दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणातलं गवत कापलेलं दिसे, आणि ते कुणी कापलं हे विचारावं लागत नसे. फक्त स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की त्याची जीभ टाळूला चिकटे. एकदा धान्य वाहणाऱ्या पट्ट्यात त्याचं बोट गेलं. हात रुमालात गुंडाळून तो फोरमनच्या दारात जाऊन उभा राहिला. फोरमनने विचारलं, काय रे? हा म्हणाला, बोट जरा बरं नाही. बोट रुमालात सुटं होतं. फोरमनही वालारूचाच, त्याने पुढे एक शब्द विचारला नाही, उठून गाडी काढली.

कारण वालारूत 'वाईट नाही' म्हणजे चांगलं चाललंय, आणि 'जरा बरं नाही' म्हणजे दवाखाना गाठा. त्याच्या पलीकडचा शब्द तिथे कुणी वापरत नाही.

कॉलिनचं काम होतं आलेल्या गव्हाची पारख करायचं. शेतकऱ्यांचे ट्रक रांगेत उभे राहत, आणि प्रत्येक जण खिडकीतून डोकं बाहेर काढून सांगे, अगदी कोरडा आहे गहू, बडबड्या, हाडासारखा कोरडा. कॉलिन मान डोलवी आणि लांब पोकळ नळी ट्रकच्या तळापर्यंत खुपसून खालचा गहू वर काढी. वरचा गहू सगळ्यांचाच कोरडा असतो. एकतीस वर्षांत त्याने कुणाच्या तोंडच्या शब्दावर एकही ट्रक आत सोडला नाही. सख्ख्या मेहुण्याचासुद्धा नाही. मेहुणा त्यापायी दोन नाताळ त्यांच्याकडे जेवायला आला नव्हता.

त्याची बायको ग्वेंडा शाळेच्या उपाहारगृहात होती. गावातल्या दोन पिढ्यांना तिने मांस भरलेल्या पेस्ट्र्या आणि टोमॅटो सॉस खाऊ घातला. कोणत्या पोराला घरून डबा येत नाही आणि कोणतं पोर डबा असूनही लपवतं, हे तिला पाठ होतं. ती नवऱ्याच्या वाटचंही बोलत असे. माझ्याशी लग्न झालं नसतं तर याच्या तोंडाला गंज चढला असता, असं ती चारचौघांत सांगे, आणि कॉलिन आपल्याबद्दलच चाललंय याचा आनंद झाल्यासारखा बुटांकडे बघे. एवढी बोलकी बाई, पण स्वतःच्या दुखण्याखुपण्याच्या बाबतीत ती नवऱ्याच्याच गावची होती. मुलीच्या, लिनेटच्या, वेळी कळा सुरू झाल्यावर तिने आधी इस्त्री संपवली होती.

दोघांनी म्हातारपणासाठी एकच बेत करून ठेवला होता. कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, गाडीला जोडायची आणि अख्ख्या ऑस्ट्रेलियाला एक फेरी घालून परत घरी यायचं. त्यांच्या वयाची निम्मी माणसं तेच करतात. ईस्टर झाल्यावर दोघं निघाली, पश्चिमेकडे. ग्वेंडाची एक अट होती. वाटेत जिथे जिथे बंदर असेल तिथे थांबायचं, आणि धक्क्यावरून थेट टोकापर्यंत चालत जायचं. वालारूत हा रिवाजच आहे. पाहुणा आला की त्याला धक्क्याच्या टोकापर्यंत नेतात, शेवटच्या लाकडाला हात लावतात आणि परत येतात. तेवढं केलं नाही तर तो माणूस गावात आला असं धरतच नाहीत. तर ग्वेंडाने एस्परन्सला हात लावला, ऑल्बनीला लावला, फ्रीमँटलला लावला, आणि प्रत्येक ठिकाणी लिनेटला फोन करून सांगितलं की आम्ही आलो बाई, आता आलो असं म्हणायला हरकत नाही.

ब्रूमला ती अर्ध्यातून मागे फिरली.

जूनचा पहिला आठवडा होता. धक्का लांबलचक, दोन्ही बाजूंना हिरवट पाणी. कॉलिन दोन पावलं पुढे होता. मागे वळून पाहतो तो ग्वेंडा कठड्याला धरून उभी. पाठीत उसण भरली म्हणाली. गाडीत बसून बसून होतं असं. मग म्हणाली, तू जाऊन हात लावून ये, माझ्या वाटचाही लाव. कॉलिन गेला, दोनदा हात लावला आणि परत आला. तिने त्या संध्याकाळी लिनेटला फोन केला नाही.

पाच वाजले की मुक्कामाच्या मैदानावर कॅरव्हॅनवाले आपापली घडीची खुर्ची आणि आपापली बाटली घेऊन गोल करून बसतात. ग्वेंडा अशा गोलाचा जीव. ब्रूमनंतर ती उशिरा येऊ लागली, मग लवकर उठू लागली, मग कपडे वाळत घालायचेत म्हणून येईनाशी झाली. जेवणात तिचा काटा ताटात फिरे, तोंडापर्यंत कमी जाई. एकदा तिने कॉलिनच्या हातात आपला चामडी पट्टा दिला आणि म्हणाली, एक भोक पाड रे, चामडं सैल झालंय. त्याने अवजारांच्या पेटीतून आरी काढून भोक पाडलं. सतरा दिवसांनी तिने तोच पट्टा पुन्हा दिला. त्याने दुसरं भोक पाडलं. चामडं सैल होऊन एवढं होत नाही, हे ज्याला कळायला हवं असा त्या मैदानावर तोच एक होता.

कुनुनुराला शेजारच्या कॅरव्हॅनमध्ये बॅलरॅटचं एक जोडपं होतं, व्हिक आणि नोएलिन. नोएलिनने जन्मभर दंतवैद्याच्या हाताखाली काम केलेलं, त्यामुळे लोकांच्या तोंडात बघायची तिला सवय. नळावर पाणी भरताना तिने कॉलिनला गाठलं. तुझ्या बायकोचा चेहरा मला आवडत नाही, ती म्हणाली, आणि चेहरा म्हणजे नाकडोळे नव्हेत. कॉलिन म्हणाला, तिला उष्मा सोसत नाही. नोएलिन त्याच्याकडे बघत राहिली. "तू खरंच असा आहेस, का सोंग करतोस?" असं तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बादली उचलून गेली.

तो तसा नव्हता. त्याच सकाळी, उजाडता उजाडता, तो कॅरव्हॅनच्या मागे गॅसची टाकी बदलत होता. पायरीवर ग्वेंडा बसलेली. तिने हात पुसायचा रुमाल घडी करून दातांत धरला होता आणि ती पुढेमागे झुलत होती, आवाज न करता. कॉलिन टाकीमागे तसाच बसून राहिला. सूर्य पुरता वर आल्यावर ती उठली, रुमाल झटकून दोरीवर टाकला आणि आत जाऊन किटली ठेवली. मग तो पुढच्या बाजूने आला आणि बरी आहेस का विचारलं. "वाईट नाही," ती म्हणाली. आणि एकतीस वर्षं ट्रकच्या तळाचा गहू वर काढणाऱ्या माणसाने ते उत्तर जसंच्या तसं आत सोडलं.

त्याला भीती कशाची होती, हे त्याला ठाऊक होतं. डॉक्टरला दाखवलं की प्रवास तिथेच संपणार. आणि प्रवास संपला की पुढे काय, हे तो मनातल्या मनातही म्हणत नव्हता. ग्वेंडालाही तीच भीती असावी. म्हणून दोघं एकमेकांना सांभाळत, एकमेकांशी खोटं वागत, दर पाच-सहा दिवसांनी दोन-अडीचशे किलोमीटर पुढे सरकत होती. डार्विनला दाखवू, असं ठरलं होतं. मोठं शहर, मोठं रुग्णालय. शिवाय बंदर.

कॅथरिनला तिला गाडीतून उतरता येईना, तेव्हा तो तिला तिथल्या छोट्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत, त्या दिवशी नव्हते. शीजा नावाची परिचारिका होती, केरळहून येऊन तीन महिने झालेली, कामाला चोख. तिने रक्तदाब घेतला, वजन घेतलं, कधीपासून आणि कुठे ते विचारलं. मग म्हणाली, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. तर तुमचं किती?

ग्वेंडाने जरा विचार केल्यासारखं केलं. "दोन," ती म्हणाली. "फार तर अडीच. तुमच्याकडे अर्धे देतात का?"

शीजा हसली नाही. तिने लिहिलेल्या वजनाकडे पाहिलं, ग्वेंडाच्या पट्ट्याकडे पाहिलं, आणि मग कॉलिनकडे वळून सरळ विचारलं, तुम्हाला काय वाटतं? तुम्ही रोज बघता यांना.

त्या खोलीत भिंतीवर घड्याळ होतं, खिडकीत एक पंखा होता. बायकोच्या देखत, परक्या मुलीसमोर, बायकोचा शब्द खोटा पाडायचा, हे कॉलिनने छप्पन वर्षांच्या ओळखीत एकदाही केलेलं नव्हतं. ग्वेंडा त्याच्याकडे बघत नव्हती. तिची बोटं तेवढी पर्सच्या कडीत अडकली होती आणि पांढरी पडली होती.

"वाईट नाही ती," कॉलिन म्हणाला.

शीजाने परवा डॉक्टर येईपर्यंत थांबा म्हणून दोनदा सांगितलं. ग्वेंडा म्हणाली, आम्ही उद्या डार्विनलाच चाललोय. मग शीजाने चिठ्ठी लिहून दिली, साध्या गोळ्या दिल्या आणि गाडीपर्यंत सोबत आली. त्या दोघांच्या जन्मभरच्या सवयीपुढे ती पोरगी काय करणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी डार्विन आलं. जुलै अखेरचे दिवस, आभाळात ढगाचा ठिपका नाही, रस्त्याकडेला दक्षिणेकडून आलेल्या कॅरव्हॅनची रांगच्या रांग. शहरातून उतरत गेल्यावर एका वळणावर एकदम बंदराचं पाणी दिसलं, आणि सबंध वाटेत डोळे मिटून बसलेली ग्वेंडा ताठ झाली. कॉलिन म्हणाला, आधी जागा बघू, कॅरव्हॅन उभी करू, मग संध्याकाळी येऊ. ती म्हणाली, आधी धक्का.

धक्क्यावर गाडी नेता येत होती. त्याने तसं सुचवलं. गाडीने गेलेलं धरत नाहीत, ती म्हणाली. तो तिच्या दंडाला धरून चालू लागला. दंड एवढासा झाला होता की त्याची बोटं एकमेकांना भिडली. ओहोटी लागली होती. तिथली ओहोटी म्हणजे पाणी घरावर घर उंचीचं खाली जातं, धक्क्याचे खांब उघडे पडतात, शंखशिंपल्यांनी भरलेले, काळे. टोकाला तळलेल्या माशांची दुकानं होती, माणसं कागदात मासे घेऊन हसतखेळत येत होती, बाजूला होऊन या दोघांना वाट देत होती. चाळीस-पन्नास पावलं झाली असतील. वाटेत लोखंडाचा एक बसका खुंट होता. ग्वेंडा त्यावर बसली आणि तिने टोकाकडे एकदा पाहिलं.

कॉलिनला वाटलं, ती आता म्हणेल, तू जाऊन माझ्या वाटचाही हात लावून ये.

"कॉल," ती म्हणाली, "नऊ होतं."

त्याने काय नऊ असं विचारलं नाही.

"त्या पोरीला मी दोन सांगितलं. नऊ होतं. ब्रूमपासून कधी सात, कधी आठ. आता नऊच असतं."

"मला माहीत होतं," कॉलिन म्हणाला.

ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. रागाने नाही. उपाहारगृहाच्या खिडकीतून डबा लपवणाऱ्या पोराकडे ती बघे, तसं.

"मग बोलला का नाहीस रे?" ती म्हणाली. "मी तुझ्या बोलण्याचीच वाट बघत होते. रोज वाटायचं, आज हा माझं ऐकणार नाही."

रुग्णालयात तिने पहिल्या विचारण्यालाच नऊ सांगितलं. त्यानंतर सगळं भराभर झालं. सुई, नळी, तपासणीचं यंत्र, पुन्हा सुई. कॅरव्हॅन धक्क्याजवळच दोन गाड्यांची जागा अडवून उभी होती, तिच्यावर दंडाची चिठ्ठी लागली, कॉलिनला तिचं भानही नव्हतं. डॉक्टर स्टामाटिस म्हणून मध्यम वयाची बाई होती, तिथल्याच ग्रीक घराण्यातली. तिने कॉलिनला एका खोलीत बसवलं आणि काही आडपडदा न ठेवता सांगितलं. स्वादुपिंडात गाठ आहे, यकृतापर्यंत पसरली आहे. आठवडे धरू नका, दिवस धरा. वालारूपर्यंत नेता येईल का, असं त्याने विचारलं. नाही, ती म्हणाली.

मग त्याने ते विचारलं. वाक्य जुळवायला त्याला वेळ लागला, आणि ती बाई थांबली. सात आठवड्यांपूर्वी, ब्रूमला असतानाच आणलं असतं तर?

"वाचल्या असत्या असं मला वाटत नाही," डॉक्टर म्हणाली. "निदान होईपर्यंत हा आजार बहुधा पुढे गेलेलाच असतो. ते ओझं घेऊ नका." खोटं बोलायची तिला सवय नसावी. "दुखणं मात्र एवढं सोसावं लागलं नसतं. दुखण्यावर आमच्याकडे औषध आहे."

कॉलिन खोलीतून बाहेर आला तेव्हा पहिलं वाक्य मागे पडलं होतं, दुसरंच डोक्यात होतं. सात आठवडे म्हणजे एकोणपन्नास सकाळी. त्यातली एक त्याने गॅसच्या टाकीमागे बसून पाहिली होती. उरलेल्या त्याने पाहिल्या नव्हत्या, कारण तो त्या वेळी पाठ फिरवून काहीतरी करत असे, आणि काहीतरी करायला तो मुद्दाम शोधत असे.

लिनेट अ‍ॅडलेडला असते. शाळेत मदतनीस आहे, दोन वाढते मुलगे आहेत. कॉलिनने आयुष्यात पहिल्यांदा तिला आपणहून फोन लावला. ती फोन उचलून म्हणाली, आईचा फोन तुझ्या हातात कसा? पोचलात का डार्विनला? लागला का हात?

"तुझी आई जरा बरी नाही," कॉलिन म्हणाला.

पलीकडे नळ वाहत होता, तो बंद झाला. लिनेट वालारूत वाढलेली. तिने काय झालं विचारलं नाही, किती झालं विचारलं नाही. मी निघते, एवढंच म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी दोनच्या विमानाने उतरली.

तोवर औषधाने ग्वेंडाचा चेहरा सैल झाला होता. कपाळावरची आठी, जी कॉलिनला वाटे उन्हाने पडली आहे, ती गेली होती. आठीशिवाय ती दहा वर्षांनी लहान दिसत होती, आणि त्याला त्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. लिनेटला तिने ओळखलं. विमानात काही खायला दिलं का म्हणून विचारलं. दिलं म्हटल्यावर, काय दिलं, असंही विचारलं, आणि ऐकता ऐकता तिचा डोळा लागला.

लिनेट आईचा हात हातात घेऊन बसली होती. मनगटावरून तिचा अंगठा वरखाली फिरत होता, हाड मोजल्यासारखा. खुर्चीच्या पाठीवर ग्वेंडाचे कपडे होते. लिनेटने त्यातून पट्टा ओढून घेतला, त्यावरची दोन नवी भोकं पाहिली. गोल, नेटकी, एका रेषेत. अशी भोकं कोण पाडतं हे तिला सांगायला नको होतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"ब्रूमपासून."

"म्हणजे?"

"जूनचा पहिला आठवडा."

लिनेटच्या ओठांची हालचाल झाली. ती आठवडे मोजत होती.

"आणि तू बघत होतास, डॅड."

"हो."

"बोलला नाहीस काही."

"नाही."

'वाचल्या नसत्या' असं डॉक्टर म्हणाली, हे त्याच्या तोंडापर्यंत आलं होतं. पण त्या वाक्याला लागूनच दुसरं वाक्य होतं, दुखण्याचं. एक सांगून दुसरं गिळता येणार नव्हतं. त्याने तोंड मिटलं. लिनेटने वाट पाहिली. तिला वाटलं असावं, आता तरी हा काही बोलेल, निदान स्वतःची बाजू घेईल. मग पट्टा गुंडाळून स्वतःच्या पिशवीत ठेवला आणि चहा आणते म्हणून ती बाहेर गेली.

ती अर्ध्या तासाने आली. डोळे धुतलेले होते. तिच्या हातात एकच कप होता. ती आपल्या खुर्चीवर बसली आणि आईकडे तोंड करून चहा पिऊ लागली. कॉलिन खिडकीपाशी उभा होता.

चहाच्या वासाने असेल, ग्वेंडाने डोळे उघडले. तिने कप पाहिला, मग खिडकीकडे पाहिलं. एवढ्याशाने तिला दम लागला. तरी तिने विचारलंच, जसं तिने आयुष्यभर प्रत्येक टेबलावर विचारलं होतं.

"याला नाही आणलास, लिन?"

"त्याने मागितला नाही," लिनेट म्हणाली.

यावर ग्वेंडा काही बोलेल, म्हणून दोघंही थांबली. नवऱ्याच्या वाटचं नेहमी तीच बोलत आली होती. पण तिचे डोळे पुन्हा मिटले होते. लिनेटने उरलेला चहा संपवला, आणि कॉलिन उभाच राहिला.